शिदोरीवाला पर्यटक नव्हे काय?

‘राष्ट्रीय अर्थव्यवस्थेत पर्यटनाचे स्थान’ हा विषय आता वाणिज्य शाखेपुरता राहिलेला नाही. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकांत माहितीपत्रक कसे लिहावे, स्थळाचे वर्णन कसे करावे, पर्यटन-व्यवसायात मराठीस वाव कोणता, असे घटक आले आहेत आणि आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांना ते शिकवावे लागतात. शिकवण्यास आमची हरकत नाही. भाषेच्या जोरावर पोट भरता आले पाहिजे, या मताचे आम्हीही आहोत. हरकत आहे ती या घटकांसोबत वर्गात हळूच शिरणाऱ्या एका शब्दकोशाविषयी. त्या कोशात पैसे खर्च करण्यासाठी फिरणाऱ्या माणसास ‘पर्यटक’ म्हणतात. श्रद्धेपोटी, आजारपणापायी, नातेसंबंधांखातर किंवा माल विकण्यासाठी घर सोडून निघालेल्या माणसास ‘गर्दी’ म्हणतात. पहिल्याचे स्वागत करावयाचे असते. दुसऱ्याचा बंदोबस्त. ही विभागणी अर्थशास्त्राने केलेली नाही, ती आपण केली आहे, आणि तिच्या तळाशी वर्ग आणि जात दोन्ही ठाण मांडून बसलेली आहेत, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आम्ही नागपूरच्या पूर्व भागात शिकवतो. कळमन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आमच्या महाविद्यालयापासून फार दूर नाही. धान्य, मिरची, कांदे-बटाटे, भाजीपाला, फळे असे तेथे वेगवेगळे विभाग आहेत. संत्र्याचा हंगाम असला की काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या बाजूंनी रात्रभर गाड्या येत राहतात. मोठा ट्रक असतो, ‘छोटा हत्ती’ही असतो. सकाळी बोली लागावयाची, म्हणून बागायतदार रात्रीच येऊन पडतो. मालाशेजारी किंवा गाडीखाली पोते अंथरून झोपतो. लिलाव झाला, अडत्याकडून पट्टी हातात पडली, की कोठेतरी उभ्याउभ्या तर्री-पोहे खातो आणि मग शहरात शिरतो. इतवारीत कापड घेतो, मोटरपंपाचा एखादा भाग शोधतो, मेडिकलमध्ये भरती असलेल्या भाच्यास पाहून येतो, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परततो. पर्यटनावरील कोणत्याही निबंधात हा मनुष्य आढळणार नाही.

गेल्या वर्षी आम्ही या विषयावर विद्यार्थ्यांकडून लेखन करून घेतले, तेव्हा हेच अनुभवास आले. स्वित्झर्लंड, सिंगापूर, थायलंड. मग गोवा, केरळ, राजस्थान. शेवटी ‘आपल्या विदर्भातही ताडोबासारखी स्थळे आहेत’ असे एक केविलवाणे वाक्य. पर्यटनाचे प्रकार मात्र सर्वांनी पाठ केले होते: वैद्यकीय, कृषी, वन्यजीव, धार्मिक, साहसी. ज्याच्या घरासमोरून रात्रभर मालाच्या गाड्या जातात अशा कळमन्यातील मुलानेही आल्प्सच्या बर्फाविषयी दोन पाने लिहिली. त्याचा दोष नाही. त्याला आम्ही वाचावयास दिलेले सर्व नमुने त्याच जातीचे होते.

आता मौज अशी की, ज्या जागतिक व्याख्येच्या आधारे देशोदेशीची सरकारे पर्यटनाचा हिशोब मांडतात ती व्याख्या आमच्या या विद्यार्थ्याहून कितीतरी उदार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींनुसार आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, एक वर्षाहून कमी काळासाठी, कोणत्याही हेतूने जाणारा मनुष्य हा अभ्यागत असतो. हेतू मौजेचा असो, व्यापाराचा असो, उपचाराचा, तीर्थयात्रेचा की नातलगांना भेटण्याचा असो. तो रात्रभर मुक्कामास राहिला की पर्यटक होतो. अट एकच: जेथे गेला तेथील मालकाकडे मजुरी किंवा नोकरी करण्यासाठी तो गेलेला नसावा. म्हणजे हंगामातून एकदा-दोनदा माल घेऊन येणारा आणि पोत्यावर झोपलेला वरुडचा बागायतदार या व्याख्येत चक्क पर्यटक ठरतो, आणि त्याच आवारात पाठीवर कट्टे वाहण्यासाठी परगावाहून आलेला हमाल ठरत नाही. (आमच्या कालिदासाचा यक्षही ठरत नाही. शाप पुऱ्या वर्षाचा होता. मुदत वर्षाहून कमी हवी.) हमालास वगळण्यामागील तर्क आम्हांस कळतो, तो खर्च करावयास नव्हे, कमवावयास आलेला असतो. पण बागायतदारास वगळण्याचे कारण व्याख्येत कोठेच नाही. ते आमच्या डोळ्यांत आहे.

आकड्यांकडे वळू. २०१९ साली, म्हणजे करोनापूर्व शेवटच्या संपूर्ण वर्षात, भारतात सुमारे १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी देशांतर्गत पर्यटकांच्या भेटींची सरकारी नोंद होती सुमारे २३२ कोटी. एक कोटीसमोर दोनशे बत्तीस कोटी! भेटी आणि माणसे यांत फरक आहे, एकच मनुष्य अनेकदा मोजला जातो, हे मान्य करूनही हे प्रमाण बोलके आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००८-०९ साली आणि पुन्हा २०१४-१५ साली देशांतर्गत प्रवासाची घरोघर जाऊन पाहणी केली. दोन्ही वेळा मुक्कामी प्रवासांत बहुसंख्य प्रवास निघाले ते सामाजिक कारणांचे: सोयऱ्यांकडे जाणे, लग्न, बारसे, मयत, तेरवी. विश्रांती आणि मनोरंजनासाठी केलेला प्रवास त्यामानाने किरकोळ ठरला. सकल देशांतर्गत उत्पादनात पर्यटनाचा वाटा सुमारे पाच टक्के सांगितला जातो, तेव्हा त्या पाच टक्क्यांत तेरवीला निघालेल्या म्हातारीचे एस.टी.चे तिकीटही असते. ते मोजले जाते. तिचे छायाचित्र मात्र कोणत्याही फलकावर लागत नाही.

विदेशी पर्यटकाचे आपल्या मनातील चित्रही एकदा तपासून घ्यावे. २०१९ साली भारतात सर्वाधिक विदेशी पर्यटक आले ते बांगलादेशातून. ‘अतुल्य भारत’ ही मोहीम २००२ पासून ज्या गौरवर्णी, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या पाहुण्यास साद घालते आहे, त्याच्या आधी रांगेत उभा होता तो ढाक्याहून किंवा खुलन्याहून आलेला, बहुधा आपल्यासारखाच दिसणारा मनुष्य. आणि त्याच्या सामानात पुष्कळदा रुग्णाची फाईल असते.

येथे शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण आमचा तो धंदा आहे. ‘पर्यटन’ या शब्दात ‘अटन’ आहे. अटन म्हणजे हिंडणे. मराठी गद्याच्या अगदी आरंभी हे अटन उभे आहे. चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून. आज आम्ही ज्याला नागपूर जिल्ह्यातील ‘पर्यटनस्थळ’ म्हणतो, आणि केंद्राच्या ‘स्वदेश दर्शन’ योजनेने रामायण परिक्रमेत ज्या नागपूरचा समावेश केला, त्याच परिसराचे हे निमित्त. वाटेत ऋद्धिपुरास गोविंदप्रभू भेटले आणि पुढे जे घडले ते ‘लीळाचरित्रा’त आहे. महानुभावांच्या आचारधर्मात नित्य अटन सांगितले आहे, आणि ते घर, संचय, आसक्ती सोडून, भिक्षेवर करावयाचे आहे. अटन करणाऱ्याजवळ खर्चावयास काही नसणे हीच तेथे पात्रता होती. ‘परि’ हा उपसर्ग लागून तोच शब्द आज ऐपतीचा निदर्शक झाला आहे. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण बदललेला अर्थ कोणाच्या सोयीचा झाला, हे विचारणे भाषेच्या अध्यापकाचे कामच आहे.

या नव्या अर्थाचा सर्वांत स्पष्ट उच्चार आम्हांस आढळतो तो गोव्यात. तेथील पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा २००१ चा. २०१९ साली तो दुरुस्त करण्यात आला, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणे, बाटल्या फोडणे यांच्याबरोबरीने उघड्यावर स्वयंपाक करणे हाही दंडनीय अपराध ठरला. तेव्हा एकट्याला दोन हजार रुपये दंड होता, समूहास दहा हजार. किनाऱ्यावर कचरा होऊ नये हा हेतू रास्तच आहे. तो कोण नाकारील? पण कचरा टाकण्यास दंड करणे वेगळे आणि स्टोव्ह पेटविण्यास दंड करणे वेगळे. बसमध्ये तांदूळ, कांदे, पातेले घालून घाटावरून येणारे कुटुंब समुद्र पाहते, पाण्यात भिजते, आणि हॉटेलात जेवत नाही. त्याचा खरा गुन्हा हा आहे. त्याने शिदोरी आणली. ‘आम्हांस दर्जेदार पर्यटक हवा’ हे वाक्य त्यानंतर वारंवार कानी येते. दर्जा हा शब्द माणसास लावताना आपली जीभ अडखळत नाही, ही आम्हांस पर्यटनाच्या अर्थशास्त्राने दिलेली देणगी होय.

शिदोरी म्हणजे अर्थव्यवहाराचा अभाव नव्हे. भाकरीचे पीठ, चटणीची मिरची, सोबतचा कांदा हे कोठून तरी विकतच घेतलेले असतात. फक्त ते घरी घेतलेले असतात, स्थळावर नव्हे. कळमन्याच्या लिलावात कांद्यास कोणी विचारत नाही की, तू रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात जाणार की अन्नदानाच्या पातेल्यात.

आणि अन्नदान म्हटले की दीक्षाभूमीकडे येणे भाग आहे, कारण आमच्या शहरास जो काही सर्वांत मोठा प्रवासी येतो तो तेथे येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी माणसे रेल्वेने आली, बैलगाड्यांनी आली, पायी आली. तेव्हापासून दर वर्षी अशोक विजयादशमीस लाखोंचा समुदाय नागपुरात येतो. महाराष्ट्रातून येतो, तेलंगणातून, मध्य प्रदेशातून, उत्तर प्रदेशातून येतो. आज उभा असलेला स्तूप २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. लोक मात्र स्तूप नसतानाही पंचेचाळीस वर्षे येतच होते. स्थळावर ‘पाहण्यासारखे’ काही असावे लागते, हा पर्यटनशास्त्राचा पहिला नियम त्यांनी कधी पाळला नाही.

हा समुदाय शिदोरी घेऊन येतो. ज्यांची शिदोरी संपते त्यांच्यासाठी रस्त्यारस्त्यांवर नागपूरकरांनी भोजनदानाचे मंडप घातलेले असतात. मसालेभात, बुंदी, पुरी-भाजी, थंड पाणी. कोणी कोणास जात विचारत नाही, पावती मागत नाही. या दोन-तीन दिवसांत किती लाख माणसे जेवतात याची नोंद राष्ट्रीय लेख्यांत पर्यटनाच्या रकान्यात होत नाही. तांदूळ विकत घेतला तेवढा मोजला जातो; वाढलेले ताट मोजले जात नाही. उलट त्याच काळात एखाद्या तारांकित हॉटेलात शंभर माणसे उतरली तर त्यांचा दर क्षण हिशोबात येतो. राज्यांकडून दिल्लीस जाणारे पर्यटकसंख्येचे आकडे बऱ्याच अंशी निवासस्थानांच्या नोंदवह्यांवर अवलंबून असतात. शाळेच्या वऱ्हांड्यात, फलाटावर, मैदानावर सतरंजी टाकून निजलेला मनुष्य कोणत्या वहीत सही करणार?

मात्र तो खर्च करीत नाही, हे असत्य आहे. तो कशावर खर्च करतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी एकदा जाऊन पाहावे. दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने ओळीने मांडलेली असतात. आंबेडकरांचे ग्रंथ, फुल्यांचे ग्रंथ, बौद्ध वाङ्मय, आत्मकथने, कवितासंग्रह, संविधानाच्या प्रती. अंगावरचे कपडे विटलेले, पायांत साधी चप्पल, आणि हातातील पिशवीत चार पुस्तके, असा यात्रेकरू तेथे पदोपदी दिसतो. ज्या साहित्य संमेलनांतील ग्रंथविक्रीचे आकडे आपण कौतुकाने वाचतो, त्यांच्या आयोजकांनी या ग्राहकाचा अभ्यास केला आहे काय? मराठी प्रकाशनव्यवसायाचा एक मोठा झरा यात्रेतून वाहतो, आणि तरी ‘साहित्य पर्यटन’ या नव्या लाडक्या संज्ञेखाली आपण लेखकांची घरे आणि स्मारके मोजत बसतो.

२०१६ साली राज्य शासनाने दीक्षाभूमीस ‘अ’ वर्ग पर्यटन व तीर्थस्थळाचा दर्जा दिला. आनंद आहे. निधी हवाच. परंतु दर्जासोबत कल्पनाही येतात. परिसराच्या विकासकामात भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले आणि १ जुलै २०२४ रोजी तेथे लोकांचा उद्रेक झाला. बांधकामाची मोडतोड, जाळपोळ झाली, आणि त्याच दिवशी कामास स्थगिती देण्यात आली. आंदोलकांचा आक्षेप मुख्यतः स्तूपास धोका पोहोचेल असा होता. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण एक साधा प्रश्न आम्हांस तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो: येथे येणारे लाखो लोक रेल्वेने, एस.टी.ने आणि पायी येतात. मग विकासाच्या आराखड्यात वाहनतळ एवढा वर कसा आला? ज्याने आराखडा काढला त्याच्या डोळ्यांपुढे मोटारीतून उतरणारा मनुष्य होता. तो मनुष्य बहुधा दसऱ्यास येतच नाही. गर्दी असते म्हणून.

पुढे १४ एप्रिल २०२३ च्या त्या गाडीचाही उल्लेख करावयास हवा. त्या दिवशी दिल्लीहून ‘बाबासाहेब आंबेडकर यात्रा’ ही खास पर्यटक गाडी निघाली. महू, नागपूर, मग सांची, सारनाथ, गया असा भोजन-निवासासह बेत होता. उपक्रम चांगला आहे. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे. पण विजयादशमीच्या आदल्या रात्री सर्वसाधारण डब्यात दाराशी लोंबकळत येणारा प्रवासीही आंबेडकर यात्राच करीत असतो. त्याच्या यात्रेस अवतरणचिन्हे नाहीत.

वैद्यकीय पर्यटनाविषयी थोडक्यात. विदेशी रुग्णांसाठी २००५ पासून स्वतंत्र व्हिसा आहे, आणि २०१९ साली सुमारे सात लाख विदेशी पर्यटक उपचारांसाठी आले. त्यांच्यासाठी दुभाषे आहेत, विमानतळावर स्वागतकक्ष आहेत. नागपूरकडे पाहा. बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, बैतूल, राजनांदगाव, आदिलाबाद, गडचिरोली येथून रुग्ण आणि प्रत्येक रुग्णामागे दोन-तीन नातलग रोज या शहरात येतात. औषधे, तपासण्या, खानावळ, रिक्षा यांवर ते जो पैसा खर्च करतात तो घरच्या जमिनीचा किंवा दागिन्यांचा असतो. व्याख्येनुसार हेही वैद्यकीय पर्यटनच आहे. त्यांस कोणी दुभाषा देत नाही, आणि गोंडी बोलणारी आई डॉक्टरांसमोर गप्प उभी राहते. या प्रकारच्या प्रवाशास काय हवे असते हे महाराष्ट्रात एका माणसास पक्के कळले होते. शेंडगावच्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करुग्णांच्या नातलगांस आसरा देते. ‘पायाभूत सुविधा’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नसेल.

वाघाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आज वन्यजीव पर्यटनाचे ते विदर्भातील मुख्य नाव आहे. मार्गदर्शक, जिप्सीचालक, स्वयंपाकी अशा रोजगारावर भोवतालच्या गावांतील अनेक घरे उभी आहेत, आणि जंगल टिकण्यास या पैशाचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण वाघ पाहणाऱ्याचे मोल आणि वाघासोबत राहणाऱ्याचे मोल यांत जे अंतर पडले आहे ते पाहिले की लाज वाटते. नवेगाव, जामणी ही गावे गाभा क्षेत्रातून उठली. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपत्ता तोडणे ‘जंगलात अतिक्रमण’, आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण व तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली ते ‘निसर्ग पर्यटन’! त्या प्रकाराची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास स्वतःहून दखल घ्यावी लागली.

कृषी पर्यटनाचेही असेच. राज्याने २०२० साली त्याचे धोरण आणले. शहरी कुटुंबाने शेतावर जावे, बैलगाडीत बसावे, हुरडा खावा, शेतकऱ्यास जोडउत्पन्न व्हावे. ठीक आहे. (आमदारांच्या हिवाळी अधिवेशनासही नागपूरकर गमतीने हुरडा पार्टीच म्हणत आले आहेत.) मात्र ज्या शेतकऱ्याकडे आपण जातो त्याचे दर्शन घडते, आणि जो शेतकरी माल घेऊन आपल्याकडे येतो त्याची वाहतूककोंडी होते, हा काय प्रकार? इतवारीहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी भाजीच्या टोपल्या आणि माणसे एकत्रच वाहत असे. ती २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली, रुंदीकरणासाठी. रुंदीकरण आवश्यकच होते. पण मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात आज तिकीट काढून आपण त्या काळचे इंजिन पाहतो, तेव्हा त्या टोपल्यांविषयी तेथे काय वाचावयास मिळते, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

आता आपल्या घराकडे. या भेदास मराठी विभागांनी काय कमी खतपाणी घातले आहे? ‘प्रवासवर्णन’ हा वाङ्मयप्रकार आपण कसा शिकवतो? गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून आरंभ करतो, अनंत काणेकर घेतो, ‘अपूर्वाई’ घेतो. पु. लं.वर आमचे प्रेम आहे. प्रश्न तो नव्हे. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते देखावे पाहण्यास नव्हे. घरावर कर्ज होते, दक्षिणा मिळेल अशी आशा होती. मराठीतील आद्य प्रवासवर्णनांत अग्रमान मिळालेले हे पुस्तक गरजेपोटी निघालेल्या माणसाचे आहे. मग तोच निकष पुढे का लावला जात नाही? लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कथा आहे. पानोपानी प्रवास आहे. ते आपण ‘दलित आत्मकथन’ या रकान्यात ठेवतो आणि प्रवासवर्णनाच्या तासाला त्याचे नावही घेत नाही. प्रवास मौजेचा असेल तर वाङ्मयप्रकार, सक्तीचा असेल तर समाजशास्त्र. पर्यटन खाते वेगळे काय करते?

आमच्याविरुद्ध एक भक्कम युक्तिवाद आहे, त्यास उत्तर दिले पाहिजे. विदेशी पर्यटक परकीय चलन आणतो. २०१९ साली ते दोन लाख कोटी रुपयांहून अधिक होते. खनिज तेल विकत घेणाऱ्या देशास हे चलन लागतेच, आणि दीक्षाभूमीचा यात्रेकरू किंवा कळमन्याचा बागायतदार डॉलर आणत नाही. हे खरे आहे. म्हणून विदेशी पाहुण्यासाठी सोयी करू नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, पाहुण्याने दिलेला पैसा स्थळावर किती टिकतो? जंगलाशेजारच्या आलिशान निवासाचा नफा मालकाच्या शहरी जातो, सजावटीचे सामान बाहेरून येते, गावात उरतो तो पगार आणि बक्षिसी. यात्रेत पसरलेली दहा-वीसची नोट मात्र चहावाल्याकडून दूधवाल्याकडे, भजीवाल्याकडून दुसऱ्या पहाटे कळमन्याच्या अडतीवर, अशी हातोहात हिंडते. दुसरी गोष्ट करोनाने दाखवली. २०२०-२१ साली पर्यटनाचा वाटा पाचावरून सुमारे दीड टक्क्यावर आला. विमाने थांबली, हॉटेले मिटली. पुढे पहिल्यांदा रस्त्यावर कोण आले? लग्नाला, दवाखान्यात, बाजारात, देवाला जाणारा देशी प्रवासीच. ज्याच्या पायांवर हा व्यवसाय पुन्हा उभा राहिला त्यास ‘दर्जा’ नाही.

यात्रेकरूंचे उदात्तीकरण आम्हांस करावयाचे नाही. यात्रेत फसवणूक असते, घाण होते, भजीवाल्याकडे राबणाऱ्या पोराची मजुरी तुटपुंजी असते. घाणीविषयी तर आमचे सहकारीच आम्हांस सुनावतात. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, एक लाख माणसांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे न बांधता त्यांच्या संस्कारांविषयी बोलणे हे फार स्वस्त काम आहे.

तेव्हा अभ्यासमंडळांकडे आमची मागणी अगदी लहान आहे. पर्यटनाचा घटक काढू नये. माहितीपत्रकाचा प्रश्नही ठेवावा. फक्त एकदा तो कळमन्यावर विचारावा. ‘परगावाहून माल घेऊन येणाऱ्या व्यक्तीसाठी कळमना बाजाराचे माहितीपत्रक तयार करा.’ त्यात विद्यार्थ्याने लिहावे: रात्री दोन वाजता आलेली गाडी कोठे लावावी, पिण्याचे पाणी कोठे मिळते, बायांसाठी स्वच्छतागृह कोणत्या बाजूस आहे आणि रात्री ते उघडे असते काय, वजनाविषयी शंका आल्यास कोणाकडे जावे, पट्टीवरील अडत, हमाली, तोलाई या रकान्यांचा अर्थ काय, मेडिकलकडे जाणारी पहिली बस किती वाजता सुटते, स्वस्त आणि निर्धोक मुक्काम कोठे होईल. यांतील किती ओळी त्याला भरता येतात आणि किती कोऱ्या ठेवाव्या लागतात, त्यावर पुढच्या तासाला चर्चा घ्यावी.